पुतण्यांचा हिशेब

माणसाने पाय मोडून घ्यावा तर निदान भारदस्त कारणाने तरी घ्यावा. गड चढताना, बुडत्याला वाचवताना, गेलाबाजार पळती बस पकडताना. मी माझा उजवा पाय आमच्या बँकेच्या पायरीवर मोडला, आणि तोही आत शिरताना नव्हे, संध्याकाळी बाहेर पडताना. "घाई नडली," असे मॅनेजरसाहेब म्हणाले. माझ्या संदर्भात बँकेत 'घाई' हा शब्द त्या दिवशी प्रथमच उच्चारला गेला असावा.

ही गोष्ट २०१८ च्या पावसाळ्यातली. सहा आठवडे प्लास्टर. पहिला आठवडा मी येणाऱ्याजाणाऱ्याला पाय कसा मोडला हे साभिनय सांगण्यात काढला. दुसऱ्या आठवड्यात येणारे संपले. मग मी घरातल्या घरात हिला स्वयंपाकाबद्दल सूचना देऊ लागलो. तिसऱ्या दिवशी ही तडक लायब्ररीत गेली आणि एक इंग्रजी पुस्तक माझ्या उशाशी आपटून म्हणाली, "घ्या. खुनाचं आहे. यातल्या इन्स्पेक्टरचाही पाय मोडलाय म्हणे. तुम्हाला सोबत होईल."

पुस्तकाचे नाव 'द डॉटर ऑफ टाइम'. लेखिका जोसेफीन टे. हेही टोपणनाव, बाईंचे खरे नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश. पुस्तक १९५१ चे, आणि १९९० साली इंग्लंडमधल्या रहस्यकथा लेखकांच्या संघटनेने आजवरच्या शंभर उत्तम रहस्यकथांची यादी केली तेव्हा त्यात हिचा पहिला नंबर लावला. मी बी.कॉम. माणूस. पहिला नंबर म्हटला की मान आपोआप झुकते. त्याच्याशी आमचा कधी जवळून संबंध आलेला नाही.

तर या कथेतला स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडलेला आहे. वेळ जात नाही म्हणून कुणीतरी त्याला जुन्या तसबिरी आणून देते. माणसाचा चेहरा वाचता येतो असा त्याचा अभिमान. एका तसबिरीकडे बघून तो ठरवतो की हा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यातला नव्हे, न्यायाधीशाच्या खुर्चीतला. मागे उलटून बघतो तर नाव तिसरा रिचर्ड! म्हणजे इंग्लंडच्या शाळेतल्या पोराटोरांनाही ठाऊक असलेला, सख्ख्या पुतण्यांना मारणारा दुष्ट काका. झाले. इन्स्पेक्टर पलंगावर पडल्या पडल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या खुनाचा तपास सुरू करतो.

काका आणि पुतण्या म्हटल्यावर मराठी वाचकाच्या कानात काय घुमते ते मी सांगायला नको. आपल्याकडे ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'ध' चा 'मा' ही म्हण मागे राहिली. मी बँकेत लागल्यापासून मला त्या कथेत एकच गोष्ट खटकते. कागदावर एवढी मोठी खाडाखोड, आणि त्यावर कुणाची पूर्ण सही घेतली नाही? आमच्याकडे तसला चेक आता क्लिअरिंगला जातसुद्धा नाही. एक बरा कारकून गारद्यांच्या पुढ्यात बसलेला असता तर "ऑल्टरेशन आहे, ड्रॉवरकडे परत पाठवा" एवढा शेरा मारून त्याने मराठी राज्याचा इतिहास बदलला असता. पण ते असो. आपल्या या प्रकरणात कागदच नाही, हीच खरी मेख आहे.

हकीकत थोडक्यात अशी. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड ९ एप्रिल १४८३ ला वारला. मागे दोन मुलगे. थोरला एडवर्ड बारा वर्षांचा, धाकटा रिचर्ड नऊ वर्षांचा. (त्या लोकांकडे नावांची भयंकर टंचाई होती. या कथेत चार एडवर्ड, तीन रिचर्ड आणि दोन एलिझाबेथ आहेत. आमच्या बँकेत एका नावाची दोन खाती असली तर पासबुकांचा घोळ होतो. तिथे राज्याचा झाला.) थोरला राजा झाला आणि काका, ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड, राज्याचा पालक. पोर लंडनला निघाले होते. काकाने ३० एप्रिलला स्टोनी स्ट्रॅटफर्डला त्याला गाठले, बरोबरच्या मामाला कैद केले आणि पुतण्याला आपल्या देखरेखीखाली घेतले. मे महिन्यात पोराचा मुक्काम टॉवर ऑफ लंडनमध्ये हलला. इथे दचकू नका. टॉवर तेव्हा नुसता तुरुंग नव्हता, राजवाडाही होता, राज्याभिषेकाआधी राजे तिथेच उतरत. धाकटा आईबरोबर वेस्टमिन्स्टरच्या मठात आश्रयाला होता. १६ जूनला त्यालाही समजूत घालून, म्हणजे दाराबाहेर सैनिक उभे करून, बाहेर काढले आणि भावाच्या सोबतीला टॉवरमध्ये पाठवले.

मग एकाएकी शोध लागला की मेलेल्या राजाचे या पोरांच्या आईशी लग्न होण्याआधीच दुसऱ्या एका बाईशी लग्न ठरलेले होते. त्या काळच्या धर्मकायद्याप्रमाणे दुसरे लग्न त्यामुळे बाद, आणि पोरे अनौरस. अनौरस पोर राजा कसे होणार? २६ जूनला काका राजा झाला, ६ जुलैला त्याचा राज्याभिषेक झाला. पोरे टॉवरच्या आवारात खेळताना दिसत होती, ती आतल्या खोल्यांत गेली, मग गजांआडून क्वचित दिसू लागली, मग दिसेनाशी झाली. हे लिहून ठेवणारा डोमिनिक मॅन्चिनी नावाचा इटालियन त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये होता. पोरांचे नाव निघताच डोळ्यांना पाणी येणारी माणसे त्याने स्वतः पाहिली. पण पोरांना मारले का, मारले तर कसे, हे मला कळलेले नाही, असेही त्याने सरळ लिहिले आहे. या साऱ्या प्रकरणात "मला माहीत नाही" म्हणणारा हा एकच साक्षीदार, आणि त्याचे हस्तलिखित फ्रान्समध्ये लील गावच्या ग्रंथालयात १९३४ पर्यंत धूळ खात पडले होते! बाकी ज्यांना सगळे माहीत होते त्यांची पुस्तके मात्र चारशे वर्षे धडाधड छापली जात होती.

त्यातला सगळ्यात मोठा माहीतगार सर टॉमस मोर. उशीने तोंड दाबून मारले, जेम्स टिरेलने मारेकरी नेमले, मारेकऱ्यांची नावे मायल्स फॉरेस्ट आणि जॉन डायटन, प्रेते जिन्याच्या पायथ्याशी पुरली, ही सगळी बारीकसारीक माहिती त्याची. वाचताना वाटते, हा खोलीत दिवा धरून उभा होता. प्रत्यक्षात १४८३ मध्ये मोरसाहेबांचे वय होते पाच. पुढे लहानपणी ते ज्या कार्डिनल मॉर्टनच्या घरी वाढले तो मॉर्टन रिचर्डचा हाडवैरी. त्या घरी जेवणाच्या पंगतीत काय बोलणे चालत असेल ते आपण समजू शकतो. शेक्सपिअरने पुढे तेच उचलले, राजाला भलेमोठे कुबड लावले आणि रंगभूमीवर उभे केले. नाटकातल्या माणसावर एकदा खून शाबीत झाला की अपील कुठे करणार?

त्यातून रिचर्डची कारकीर्द दोनच वर्षांची. २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत तो बत्तिसाव्या वर्षी मारला गेला आणि सातवा हेन्री गादीवर आला. आता गंमत बघा. हेन्रीला लग्न करायचे होते त्या गायब पोरांच्या थोरल्या बहिणीशी. ती औरस ठरायची तर रिचर्डच्या पार्लमेंटचा तो कायदा, टिटुलस रेजिअस, रद्द व्हायला हवा. पण ती औरस ठरली की तिचे भाऊही औरस, आणि ते जिवंत असले तर गादी त्यांची! हेन्रीने तो कायदा वाचूनसुद्धा न दाखवता रद्द केला आणि त्याच्या सगळ्या नकला नष्ट करायचा हुकूम काढला. म्हणजे पोरे मेलेली असणे काकाला जितके सोयीचे, तितकेच नव्या राजालाही. टेबाईंचा इन्स्पेक्टर याच धाग्याने जातो आणि खून हेन्रीच्या खात्यावर टाकतो.

एवढे वाचून झाले तेव्हा माझ्या प्लास्टरला तीन आठवडे झाले होते आणि आत भयंकर खाज सुटत होती. मी हिच्या विणकामाची सुई प्लास्टरमध्ये खुपसून खाजवीत खाजवीत निकाल देऊन टाकला. इन्स्पेक्टर चुकला. तो पोलीस खात्यातला, त्यामुळे 'खून कुणी केला' हा चुकीचा प्रश्न घेऊन बसला. बँकेतला माणूस असता तर त्याने विचारले असते, 'ठेव कुणाच्या ताब्यात होती?'

बी.कॉम.च्या मर्कंटाइल लॉच्या पेपरात मला पस्तीसच मार्क होते, पण त्या पस्तिसांतले बहुतेक मला बेलमेंटने मिळवून दिलेले आहेत. इंडियन काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२, कलम १५१. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतलीस की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तू घ्यायची, आणि काम संपले की वस्तू परत करायची. आमच्या लॉकररूममधून एखाद्याचे सीलबंद पाकीट नाहीसे झाले तर मॅनेजरने ते खाल्ले की उंदराने, हा प्रश्न नंतरचा. आधी मॅनेजरने पाकीट समोर ठेवायचे. रिचर्डकडे दोन पोरे सुरक्षित ठेव म्हणून आली. त्याने त्यांना मारले अशी बोंब सगळ्या देशात उठली, त्याच वर्षाच्या शरद ऋतूत बंड झाले. पोरे जिवंत असती तर एका रविवारी त्यांना चांगले कपडे घालून लंडनच्या रस्त्यावरून फिरवून आणायचे. खर्च किती? एका घोडागाडीचा. ते त्याने केले नाही, आणि बरी मेली तर कशाने मेली तेही सांगितले नाही. ठेव दाखवता येत नाही आणि खुलासाही देता येत नाही. केस क्लोज.

टेबाईंचा एक मुद्दा मात्र मला दोन दिवस छळत होता. पोरांची आई, एलिझाबेथ वुडव्हिल, मार्च १४८४ मध्ये मठातून बाहेर आली, आपल्या पाच मुलींना घेऊन, रिचर्डच्या शब्दावर. ज्याने आपल्या मुलांचे गळे दाबले त्याच्या दारी आई जाईल का? मी हिला विचारले. ही तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पाच मुली होत्या ना पदरी? मग जाईल नाहीतर काय करील?" पुढे मी वाचले तर याच बाईचा पहिल्या नवऱ्यापासूनचा एक मुलगा, रिचर्ड ग्रे, त्याला रिचर्डने जून १४८३ मध्ये उघडउघड मारलेले होते. म्हणजे एका मुलाच्या मारेकऱ्याच्या दारी तर ती गेलीच होती. स्कॉटलंड यार्डपेक्षा हिचा तर्क बरा, हे मी मनात कबूल केले. तोंडाने केले नाही.

असा मी निकालपत्रावर सही करून निवांत पडलो होतो, त्या शनिवारी आमच्या शाखेचा शिपाई रजेच्या अर्जावर सही घ्यायला आला. चहा झाला. शाखेत दुरुस्ती चालू आहे, लाकडी काउंटर तोडून नवीन सनमायकाचे बसवताहेत, वगैरे बातम्या झाल्या. मग त्याने खिशातून एक कागदाची पुडी काढली.

"साहेब, कॅशचं काउंटर तोडलं ना, त्याच्या ड्रॉवरच्या मागे या निघाल्या. साहेब म्हणाले, रद्दी आहे, टाकून दे. म्हटलं, तुमचं काउंटर, तुम्हाला दाखवावं."

पुडीत पाचशेच्या जुन्या दहा नोटा होत्या. रबरबँड वाळून त्याचे तुकडे नोटांना चिकटले होते.

आता मला जरा मागे जायला हवे. २०११ साली आमच्या शाखेत कॅशला अण्णा होते. अण्णा हे त्यांचे खरे नाव नव्हे, पण शाखेत सगळे त्यांना तेच म्हणत. अडतीस वर्षांची नोकरी, नोटा मोजताना ओठ हलत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका दिवशी संध्याकाळी कॅश टॅली होईना. पाच हजार शॉर्ट. रात्री नऊपर्यंत शोधाशोध झाली. सापडले नाहीत. नियम सरळ आहे. कॅशियरच्या ताब्यात कॅश, कमी पडली तर कॅशियरने भरायची. अण्णांनी पतपेढीतून कर्ज काढून भरली. प्रकरण मिटले.

म्हणजे हिशेबाच्या वहीत मिटले. शाखेत तिथूनच सुरू झाले. अण्णांच्या धाकट्या मुलीचे लग्न तेव्हा ठरले होते. आणखी काय हवे? रहस्यकथेत ज्याला हेतू म्हणतात तो मिळाला. 'आग असल्याशिवाय धूर निघत नाही.' 'इतकी वर्षं नाही आणि आत्ताच बरी कॅश शॉर्ट झाली?' 'खरा असता तर मुकाट्याने भरले असते का, भांडला नसता?' पाच हजारांत मुलीच्या लग्नात मांडवाचे बांबूसुद्धा येत नाहीत, हा हिशेब आमच्यापैकी एकाही बँकवाल्याने केला नाही. दोन महिन्यांनी अण्णांना कॅशवरून काढून टपालाच्या टेबलावर बसवले. कॅश आणि तिच्याबरोबरचा स्पेशल अलाउन्स ज्येष्ठतेप्रमाणे पुढच्या माणसाकडे गेला.

पुढचा माणूस मी.

मी अलाउन्स मागितला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. सातव्या हेन्रीनेही पोरे मेलेली असोत असा अर्ज कुठे केला होता? पण अलाउन्स मिळाल्यावर मला अण्णांनी पैसे घेतले असावेत असे थोडेथोडे वाटू लागले, ही गोष्ट खरी. न घेतलेल्या माणसाचा अलाउन्स खाणे जड जाते. घेतलेल्या माणसाचा सहज पचतो. आणि याहून पुढची गोष्ट. शाखेत नवीन मुले लागत, त्यांना कॅशचे काम शिकवताना मी ही हकीकत सांगत असे. अण्णांचे हात कसे थरथरत होते, कपाळावर घाम कसा होता, ड्रॉवर पुन्हा पुन्हा कसा उघडून बघत होते. फार रंगत असे. पोरे तोंडात बोटे घालीत.

त्या दिवशी मी शाखेत नव्हतो. मावसभावाच्या लग्नाला कराडला गेलो होतो.

टॉमस मोरचे वय निदान पाच होते. त्याला ती एक सबब आहे.

शिपाई गेल्यावर मी रिचर्डवरचे माझे निकालपत्र पुन्हा काढले. कलम १५१ पाठ होते. ठेव ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. अण्णांनाही हेच कलम लावले होते आणि ते बरोबरच होते, खुद्द अण्णांनाही त्यात वावगे वाटले नव्हते. त्यांनी एक शब्द न बोलता पैसे भरले. मग घोटाळा झाला कुठे? 'याने भरून द्यावे' इथपर्यंत कायदा होता. 'याने घेतले' हे आम्ही पुढे आमच्या अक्षरात लिहिले. ही खाडाखोडही कुणाच्या पूर्ण सहीशिवायच झाली. सही करायला आम्ही दहाजण होतो, पण अशा कागदावर कुणी सही करत नाही, नुसते चहा पिता पिता बोलते.

म्हणून रिचर्ड सुटला असे मी म्हणत नाही. १९८४ मध्ये लंडनच्या टेलिव्हिजनवर त्याच्यावर रीतसर खटला भरला, दोन्ही बाजूंचे वकील उभे केले, आणि ज्युरींनी त्याला निर्दोष ठरवले. मला तो निकालही मान्य नाही. दोन पोरे त्याच्या ताब्यात होती, ती त्याने दाखवली नाहीत, आणि अण्णांनी निदान पाच हजार भरले. याने काय भरले? त्याच्याच पार्लमेंटने १४८४ मध्ये फार चांगले कायदे केले. संशयावरून धरलेल्या माणसाला जामीन मिळावा, गुन्हा शाबीत होण्याआधी त्याची मालमत्ता जप्त करू नये, असे. अशा राजाने स्वतःवरच्या संशयाचा खुलासा करू नये याचा मला जास्त राग येतो. जबाबदार तो आहेच. पण मोरच्या उशा, मारेकऱ्यांची नावे, शेक्सपिअरचे कुबड, हे त्याच्या नावावर चढवायचा अधिकार कुठून आला, हे मला आता कुणी सांगावे.

कुबडाचे तर उघडच झाले. २०१२ मध्ये लेस्टर गावात मोटारी उभ्या करायच्या जागेखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. लंडनमध्ये फर्निचर करणारा मूळचा कॅनडाचा एक सुतार त्याच्या बहिणीच्या वंशातला निघाला, त्याच्या डी.एन.ए.शी ताळा जमला. मणका बाजूला वाकलेला होता, एक खांदा वर असेल, पण नाटकातले कुबड नव्हते. २०१५ साली त्याला तिथल्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा पुरले आणि पेटी त्याच सुताराने करून दिली. नातेवाईक असावा तर असा. पोरांची म्हणून जी हाडे १६७४ मध्ये टॉवरच्या एका जिन्याखाली सापडली ती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत कलशात ठेवलेली आहेत. १९३३ मध्ये कलश उघडून तपासली, वये साधारण जुळतात म्हणाले, पण ती मुलांची की मुलींची हेसुद्धा नक्की सांगता आले नाही.

कागद मात्र अजून निघतच आहेत. २०२३ मध्ये लीलच्या दप्तरातलीच १४८७ ची एक पावती प्रसिद्ध झाली. चारशे भाल्यांची, एडवर्ड राजाच्या मुलाच्या नावे! म्हणजे एक पोर जिवंत? की बतावणी करणारा कुणी तोतया? लगेच २०२४ च्या अखेरीला १५१६ चे एक मृत्युपत्र पुढे आले. त्यात पाचव्या एडवर्डच्या सोनसाखळीचा उल्लेख आहे, आणि ते लिहिणारी बाई कोण, तर मोरने ज्याच्यावर खून घातला त्या टिरेलची मेहुणी. एक व्हाउचर जमेला, एक नावे. पाचशे चाळीस वर्षे झाली, अजून कॅश टॅली नाही. आणि तिथली मंडळी अजून शोधताहेत, याचा मला हेवा वाटतो. आम्ही रात्री नऊला शोध थांबवला होता.

प्लास्टर निघाल्यावर मी काठी घेऊन अण्णांच्या घरी गेलो. अण्णा २०१३ मध्ये निवृत्त झाले आणि २०१७ मध्ये गेले. म्हणजे नोटा त्यांच्यानंतर सापडल्या, आणि सापडल्या तेव्हा चालणाऱ्याही नव्हत्या. जाऊ नये असे फार वाटत होते. सांगून काय उपयोग, उगीच जुनी जखम, वगैरे कारणे मी रिक्षात बसेपर्यंत जमवीत होतो. जिवंत माणसाचा न्याय करायचा राहिला तर त्याच्या बायकोला पाच हजारांची रद्दी नेऊन देणे हे कुठल्या कलमात बसते?

काकूंनी दार उघडले. पाय कसा आहे विचारले. पाणी दिले. मी पुडी टेबलावर ठेवली आणि जे काही सांगायचे ते एका दमात सांगितले. अलाउन्सचे सांगितले. नव्या पोरांना काय सांगत होतो तेही सांगितले. ते सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, भिंतीवरच्या कालनिर्णयावर कुठली एकादशी कधी आहे ते वाचत होतो.

काकूंनी नोटा घेतल्या, अंगठ्याला जीभ लावली आणि मोजल्या. मग पुन्हा उलट्या बाजूने मोजल्या. अण्णा तशाच मोजत.

"दहा आहेत," त्या म्हणाल्या. "ठेवल्या तर चालतील ना? कायद्याचं काही नाही ना?"

"दहापर्यंत चालतात," मी म्हणालो. "त्याच्या वर ठेवता येत नाहीत." नोटाबंदीनंतरच्या कायद्याचे हे एवढेच कलम मला ठाऊक होते आणि ते त्या दिवशी उपयोगी पडले.

त्यांनी नोटा लाइट बिलांच्या डब्यात ठेवल्या. चहा टाकायला उठता उठता म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी रजेवर होता, नाही का?"

"हो. कराडला."

"हे म्हणायचे. तो असता तर त्याने ड्रॉवर बाहेर काढून मागे बघितलं असतं, म्हणायचे. बाकीच्यांना घरी जायची घाई झाली होती." आणि आत गेल्या. जाता जाता विचारले, "साखर चालते ना तुम्हाला?"

मी हो म्हणालो. मला दोन वर्षांपूर्वीच बंद केली आहे.